व्हायोला घेऊन मक्याच्या प्रदेशात

लेकीला बायोलॉजी शिकायचंय आणि व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा जरा मोठा, खालच्या सुरांचा भाऊ, सोडायचा नाही. या एका वाक्यावर आमच्या घरात गेलं वर्षभर चर्चा चालू आहे. डोंबिवलीहून तिची आजी फोनवर विचारते, "अगं, पण त्या वाद्याने पोट भरतं का?" नवरा एक्सेल शीट उघडतो. मी पुण्यात वाढलेली, गांधर्वच्या परीक्षा मध्यमापर्यंत देऊन थांबलेली बाई. सवाईला सतरंजीवर मांडी घालून पहाटेपर्यंत ऐकणं एवढंच माझं संगीताचं भांडवल. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत मी शिकले ते लेकीला युथ ऑर्केस्ट्राच्या तालमीला सोडताना, गाडीत. त्यामुळे तिच्यासाठी कॉलेजं पाहण्याच्या या दौऱ्यात कान माझे, प्रश्न तिचे आणि पेट्रोल नवऱ्याचं, अशी वाटणी झाली.

बारावीनंतर बायोलॉजी आणि व्हायोला दोन्ही नीट करायचं, तर अमेरिकेत लिबरल आर्ट्स कॉलेजं हा एक चांगला मार्ग आहे. दीड ते तीन हजार विद्यार्थी, सगळे तिथेच राहणारे, चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आणि त्यावरचं जवळपास काहीच नाही. हे शेवटचं वादकांसाठी फार महत्त्वाचं. मोठ्या विद्यापीठाच्या ऑर्केस्ट्रात पुढच्या खुर्च्या बहुधा संगीतात मास्टर्स आणि डॉक्टरेट करणाऱ्यांकडे जातात. अठरा वर्षांची, त्यात बायोलॉजीवाली मुलगी तिथे शेवटच्या ओळीत बसते किंवा बसतच नाही. छोट्या कॉलेजात मास्टर्सवाले नसतातच, म्हणजे जे काही आहे ते पदवीच्या मुलांचं. पण 'आमच्याकडे संगीताचं समृद्ध वातावरण आहे' असं प्रत्येक माहितीपत्रकात छापलेलं असतं, आणि पियानोशेजारी हसणाऱ्या मुलांचा फोटोही. खरं काय ते जाऊनच पाहावं लागतं, तेही सत्र चालू असताना. उन्हाळ्यात गेलं तर हिरवळ दिसते, पण ऐकायला काहीच मिळत नाही.

म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लेकीने शाळेला दांडी मारली आणि आम्ही शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून निघालो. आधी उत्तरेला विस्कॉन्सिन, मग मिनेसोटा, तिथून खाली आयोवा आणि मक्याच्या शेतांतून परत. ओहायोतलं ओबर्लिन या बाबतीतलं सर्वांत मोठं नाव, पण ते उलट्या दिशेला. ते पुढच्या खेपेला.

गुरुवार : ॲपल्टन

साडेतीन तासांत ॲपल्टन. फॉक्स नदीकाठचं हे कागद गिरण्यांचं गाव. याच नदीच्या पाण्यावर 1882 मध्ये वीज तयार करून इथलं एक घर उजळवलं होतं, ते घर अजून जपून ठेवलेलं आहे. आम्ही ते बाहेरूनच पाहिलं, कारण लेकीला उशीर होत होता.

लॉरेन्स युनिव्हर्सिटी नावाला युनिव्हर्सिटी, प्रत्यक्षात साधारण दीड हजार मुलांचं कॉलेज. स्थापना 1847 ची आणि त्याच्या आतच 1874 पासून चालू असलेली कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे पूर्ण वेळ संगीत शिकवणारी शाळा. इथे पाच वर्षांत दोन पदव्या घेता येतात, एक संगीताची आणि एक कॉलेजची. त्यासाठी प्रवेश दोन्हीकडे मिळवावा लागतो, संगीतासाठी ऑडिशन वेगळी. नवऱ्याने 'पाच' हा आकडा ऐकताच फोनवर कॅल्क्युलेटर काढला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

लेकीने आधीच ईमेल करून इथल्या व्हायोलाच्या शिक्षकांकडे एक तासाचा पाठ ठरवला होता. ही सोय बऱ्याच कॉलेजांत असते आणि माझ्या मते सगळ्या टूरपेक्षा तीच मोलाची. कॉलेज निवडताना मुलं खरं तर गुरू निवडत असतात, फक्त फॉर्मवर तसा रकाना नसतो. आम्ही दोघं बाहेर कॉरिडॉरमध्ये. एका दारामागे ट्रॉम्बोन, दुसऱ्यामागे कुणी मुलगी एकच वरची जागा दहा वेळा घेत होती, आणि तिसऱ्या दारामागे आमची लेक बाखच्या एका ओळीवर अडकलेली. अर्धा तास तीच ओळ. शिक्षक मध्येच थांबवायचे, मग एकच सूर लांब, मग पुन्हा थांबवणं. माझ्या बाई मला असाच तासभर नुसता षड्ज लावायला लावायच्या आणि मी मनातल्या मनात घड्याळ बघायचे. लेक बाहेर आली ती लाल चेहऱ्याने. म्हणाली, "आई, त्यांनी मला एकही गोष्ट 'छान' म्हटली नाही." आणि पुढच्याच वाक्यात, "मला इथे यायचंय."

टूर देणारा मुलगा इतिहासाचा. लेकीने तिचा ठरलेला प्रश्न त्याला विचारला. संगीतात पदवी न घेणाऱ्या व्हायोलावाल्याला ऑर्केस्ट्रात कुठे बसायला मिळतं? तो क्षणभर थांबला आणि त्याने खरं उत्तर दिलं, याबद्दल मी त्याची आभारी आहे. ऑडिशन सगळ्यांना खुली आहे, जागा मिळते, कॉलेजची मुलं वाजवतातही. पण शेजारच्या खुर्चीवरचा रोज चार तास रियाज करून आलेला असतो आणि त्याला त्याचे गुण मिळतात. तुम्ही तेव्हा लॅबमध्ये असता.

संध्याकाळी हार्पर हॉलमध्ये एका शेवटच्या वर्षाच्या मुलाचा चेलोवादनाचा कार्यक्रम होता. प्रवेश फुकट. श्रोत्यांत त्याच्या वसतिगृहाची गँग, दोन-तीन प्राध्यापक, दूरच्या गावाहून आलेले आईवडील, आणि आम्ही तिघं. कार्यक्रमपत्रिकेत खाली लिहिलं होतं की तो भौतिकशास्त्राचीही पदवी घेतोय. ब्राम्सच्या सोनाटात एका ठिकाणी तो घसरला, सावरला, पुढे गेला. मागच्या रांगेतून कुणीतरी शेवटी जोरात शिट्टी मारली. पुण्यात शिट्टी मारली असती तर हाकलून दिलं असतं. रात्री दहाला परत येताना मी रियाजाच्या खोल्यांच्या खिडक्या मोजल्या. पुढे प्रत्येक गावात हा उद्योग केला. लॉरेन्समध्ये बहुतेक खिडक्यांत दिवे चालू होते.

शुक्रवार : विस्कॉन्सिन आडवं

दिवसभर गाडी. शेतं, लाल कोठारं, गायी. पेट्रोल पंपावर ताजं चीज मिळतं, दाताखाली कुईकुई वाजतं. लेकीला आवडलं. नवरा आणि मी दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीवर ठाम. सेंट क्रोई नदी ओलांडून मिनेसोटात शिरलो तेव्हा अंधार पडला होता. नॉर्थफिल्डमध्ये गाडीची काच खाली केली तर हवेत भाजलेल्या धान्याचा गोड वास. गावात सीरियलचा कारखाना आहे.

शनिवार : नॉर्थफिल्ड

या गावाचं ब्रीद आहे 'गायी, कॉलेजं आणि समाधान'. गंमत म्हणून नाही, खरंच पाटीवर लिहितात. गावाला दुसरा अभिमान म्हणजे 7 सप्टेंबर 1876 रोजी जेसी जेम्सच्या टोळीने इथली बँक लुटायचा प्रयत्न केला आणि गावकऱ्यांनी तो हाणून पाडला. दर सप्टेंबरात घोड्यांवर बसून त्या दरोड्याचं नाटक रस्त्यात होतं. मध्ये कॅनन नदी, एका अंगाला कार्लटन कॉलेज, दुसऱ्या अंगाला टेकडीवर सेंट ओलाफ. इतक्या छोट्या गावात दोन नामांकित कॉलेजं आणि दोघांत आपल्याकडच्या एस. पी.-फर्ग्युसनसारखी जुनी चुरस.

सेंट ओलाफ 1874 मध्ये नॉर्वेहून आलेल्या, ल्युथरन या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांनी आणि धर्मगुरूंनी काढलं. कॉन्झर्व्हेटरी नाही. पण सुमारे तीन हजारांतली साधारण एक तृतीयांश मुलं कुठल्या ना कुठल्या कॉयरमध्ये, म्हणजे समूहगायनाच्या चमूत, बँडमध्ये किंवा ऑर्केस्ट्रात असतात आणि त्यातली बहुतेक संगीताची पदवी घेत नाहीत. नर्सिंगवाली, गणितवाली, स्पॅनिशवाली. मला हे माहितीपत्रकातलं वाक्य वाटलं होतं. मग कॅफेटेरियात शेजारच्या टेबलावर दोन मुलगे ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या वह्यांवर स्वरलेखनाचे कागद पसरून कुठल्या ओळीत श्वास घ्यायचा यावर भांडत होते. दोघांपैकी कुणीच संगीताचं नव्हतं. लेकीने विचारून घेतलं.

याला कारण एक माणूस आहे. एफ. मेलियस क्रिस्चन्सन, नॉर्वेत जन्मलेला, लाइपझिगला शिकलेला, मूळचा व्हायोलिनवादक. 1903 मध्ये तो इथे आला आणि 1912 मध्ये त्याने सेंट ओलाफ कॉयर उभा केला. साथीला वाद्य नाही, कागद नाही, सगळं पाठ. तेव्हापासून पुढच्या शंभर वर्षांत या कॉयरला चारच संचालक झाले, त्यांतला दुसरा त्याचाच मुलगा. आपल्या घराण्यांना हे समजावून सांगायला नको. कॉलेजचा बँड त्याहून जुना, 1891 चा. 1906 मध्ये तो नॉर्वेला जाऊन वाजवून आला आणि परदेश दौऱ्यावर गेलेला तो पहिला अमेरिकन कॉलेज संगीतसंच मानला जातो. इथलं खेळाच्या मैदानावरचं गाणंसुद्धा वॉल्ट्झच्या तीन मात्रांत आहे. फुटबॉलच्या मैदानावर तीन मात्रा! अशा ठिकाणी गोल किती होत असतील देव जाणे.

आम्ही गेलो तेव्हा सगळी टेकडी एकाच गोष्टीसाठी राबत होती. 1912 पासून चालत आलेला ख्रिसमस महोत्सव. पाच कॉयर आणि ऑर्केस्ट्रा मिळून पाचशेच्या वर मुलं एका वेळी गातात-वाजवतात, आणि जागा हवी म्हणून ते होतं कुठे, तर व्यायामशाळेत. तिकिटं मिळणं मुश्कील. आम्हाला एका तालमीला मागे बसू दिलं. पहिल्या वर्षाची मुलं होती. संचालक बाईंनी सोप्रानोंना, म्हणजे सर्वांत वरच्या आवाजाच्या मुलींना, थांबवलं आणि एकीकडे बोट न दाखवता म्हणाल्या, मला इथे कुणा एकीचा आवाज ऐकू येतोय, तो यायला नको.

मी दचकलेच. चाळीस वर्षं ऐकलेलं सगळं संगीत या वाक्याच्या विरुद्ध उभं आहे. भीमसेनजींचा एक स्वर रेडिओवर लागला की स्वयंपाकघरातून ओळखू यायचा. किशोरीताईंचा तर नुसता आलाप सुरू होण्याआधीचा श्वास. आमच्याकडे आवाजाची ओळख कमावण्यात जन्म जातो आणि इथे अठरा वर्षांच्या पोरी ती ओळख पुसायला शिकतात. मला ते सुरुवातीला अजिबात आवडलं नाही. कंप काढून टाकलेला, सरळ, काचेसारखा आवाज. निर्जीव वाटला. पण तासाभराने त्यांनी तोच तुकडा सलग म्हटला तेव्हा मधल्या एका ठिकाणी चार सूर एकमेकांवर असे बसले की वर पाचवाच सूर ऐकू आला, जो कुणीच गात नव्हतं. जुळलेल्या तंबोऱ्यांतून गंधार ऐकू येतो, तसा. म्हणजे यांनी ओळख पुसली ती यासाठी. तरीही मला विचाराल तर मी एकटीचाच आवाज ऐकायला जाईन. पण आता दुसरी बाजू काय मागते ते कळलं.

व्हायोलाच्या प्रश्नाचं इथलं उत्तर लॉरेन्सपेक्षा मऊ होतं. दोन ऑर्केस्ट्रा आहेत, एक वरचा, एक फिलहार्मोनिया. दोन्हींत सगळ्या विषयांची मुलं. संगीताची पदवी न घेणाऱ्यांनाही ऑडिशन देऊन संगीताची शिष्यवृत्ती मिळू शकते. 'शिष्यवृत्ती' ऐकताच नवऱ्याने दिवसभरात पहिल्यांदा खिशातला हात बाहेर काढला.

दुपारी नदीपलीकडे कार्लटन. हे 1866 चं, अभ्यासात फार कडक, विज्ञानात तर विशेष. इथली कलांची मोठी इमारत म्हणजे गावातली जुनी शाळा, कॉलेजने घेऊन नीट केलेली. तिलाच जोडून 2017 मध्ये नवं संगीत सभागृह बांधलं. सभागृह देखणं आहे, लाकडाचं, टाळी वाजवली तर गोल फिरून परत येते. नवऱ्याने वाजवून पाहिली. ऑर्केस्ट्रा आहे, छोट्या चमूंना शिकवणीही आहे. पण रियाजाच्या खोल्यांतून फार आवाज येत नव्हता. एक मुलगी भेटली, कॉम्प्युटर सायन्सची, व्हायोलिनवाली. ती म्हणाली, इथे सगळेच काहीतरी वाजवतात आणि सगळ्यांनाच उद्या काहीतरी सबमिट करायचं असतं. शनिवारची दुपार होती, त्यावरून कॉलेजची परीक्षा करणं बरोबर नाही हे मलाही कळतं. पण लेकीच्या चेहऱ्यावर उठून दिसलं की टेकडीवरचं गोंगाटी वातावरण तिला जास्त मानवलं. फक्त बायोलॉजीसाठी मी कार्लटनला पहिला नंबर दिला असता.

रात्री दहाला सेंट ओलाफच्या संगीत इमारतीवरून चक्कर मारली. शनिवारची रात्र असूनही दिवे होते. हे 'कोरडं' कॉलेज, आवारात दारूबंदी. नवरा म्हणाला, "मग दुसरं करणार काय बिचारी!"

रविवार : चॅपल, मग दक्षिणेकडे

सकाळी बो चॅपलमध्ये प्रार्थनेला गेलो. आम्ही तिघं सोडून सगळ्यांना कधी उभं राहायचं ते माहीत होतं. मुद्दा असा की गाणं फक्त वर उभ्या कॉयरचं नव्हतं. स्तोत्र सुरू झालं आणि खाली बसलेली झोपाळू, केस विस्कटलेली मुलं पुस्तक उघडून एकाच वेळी चार वेगवेगळ्या सुरावटींत गायला लागली. कुणी सांगितलं नाही, मोजून दिलं नाही. माझ्या मागचा एक दाढीवाला मुलगा खर्जात असा काही भक्कम उतरला की मी मान वळवून पाहिलं. वारीत टाळकऱ्यांच्या मागे चालणारा प्रत्येक जण अभंग उचलतो, कारण त्याने तो लहानपणापासून ऐकलेला असतो. या मुलांनी चार सुरावटी तशाच ऐकल्या असणार. कॉलेजातलं संगीत कुठून येतं याचं उत्तर मला इमारतींपेक्षा या बाकांवर मिळालं. आणि जरा काळजीही वाटली. हे सगळं ज्या धर्मातून येतं त्या धर्माची आमची मुलगी नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "आई, तू मला ॐकार म्हणायला लावायचीस तेव्हा मी काय हिंदू होते? मी सहा वर्षांची होते." यावर काय बोलणार.

रॉचेस्टरमार्गे सव्वादोन तासांत डेकोरा, आयोवा. इथून जमीन उंचसखल होते, नदीकाठी कडे दिसतात. आयोवा सपाट असतं ही समजूत गळाली.

सोमवार : डेकोरा आणि स्पिलव्हिल

ल्युथर कॉलेजही नॉर्वेजियनांचंच, 1861 चं. इथलं नाव म्हणजे नॉर्डिक कॉयर आणि वेस्टन नोबल. या गृहस्थांनी 1948 ते 2005 अशी सत्तावन्न वर्षं हा कॉयर सांभाळला आणि त्यातली पंचवीस वर्षं जोडीला कॉलेजचा बँडही. संगीत इमारतीला त्यांचं नाव आहे. नोबल गेले 2016 मध्ये, पण आवारात कुणाशीही संगीताविषयी बोललं की तिसऱ्या वाक्यात त्यांचा विषय निघतो. कॉलेज सेंट ओलाफपेक्षा छोटं आणि फी सोसण्यासारखी व्हावी म्हणून शिष्यवृत्त्या देण्याकडे कल. बायोलॉजीच्या प्राध्यापकांनी स्वतः येऊन लेकीला प्रयोगशाळा दाखवली आणि निघताना विचारलं, व्हायोलाची ऑडिशन कधी देतेस? हा प्रश्न बायोलॉजीवाल्याने विचारावा, यातच बरंच काही आलं. पण लेकीला तंतुवाद्यांची बाजू गाण्याच्या मानाने पातळ वाटली. मी ते कबूल करते. इथे गळा राजा आहे.

खरा सोमवार त्यानंतर सुरू झाला. डेकोरापासून वीस मिनिटांवर स्पिलव्हिल नावाचं खेडं आहे, चेक लोकांनी वसवलेलं. 1893 च्या उन्हाळ्यात चेक संगीतकार अंतोनिन ड्वोर्झाक इथे राहायला आला. तो तेव्हा न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीचा संचालक होता. न्यू वर्ल्ड सिंफनी नुकतीच लिहून झाली होती आणि घरची ओढ लागलेली. त्याचा मदतनीस योसेफ कोवार्झिक याच गावच्या शाळामास्तरांचा मुलगा. तो म्हणाला, बोहेमियाला कशाला, आमच्या गावी चला, सगळे चेकच बोलतात. बायको आणि सहा मुलांसह ड्वोर्झाक 5 जूनला पोचला. 8 तारखेला लिहायला बसला आणि 23 ला एफ मेजरमधली तारवाद्यांची चौकडी, म्हणजे दोन व्हायोलिनं, व्हायोला आणि चेलो यांच्यासाठीची रचना, जिला आज 'अमेरिकन' म्हणतात, पूर्ण झाली. रोज सकाळी चर्चमध्ये जाऊन ऑर्गन वाजवायचा, नदीकाठी फिरायचा. तिथल्या एका पक्ष्याची शीळ त्याने तिसऱ्या भागात घातली.

आता व्हायोलावाल्यांसाठी ही चौकडी म्हणजे तीर्थ का, तर तिची पहिली धून व्हायोला वाजवतो. एरवी या वाद्याच्या वाट्याला मधलं भरताड काम. व्हायोलिनला गाणं, चेलोला पाया आणि व्हायोलावर विनोद. इथे मात्र दोन्ही व्हायोलिनं नुसती झुळझुळ करत राहतात आणि व्हायोला पुढे येऊन बोलतो. ड्वोर्झाक स्वतः तरुणपणी प्रागच्या नाट्यगृहात वर्षानुवर्षं व्हायोला वाजवायचा, म्हणून त्याला सुचलं असेल. गाडीत लेकीने ती लावली आणि मी पुढच्या सीटवरून ओरडले, "अगं, हा भूप!" सा रे ग प ध, मध्यम-निषाद नाहीतच. नवरा म्हणाला, "देसकार असेल." त्याला दोन्हींतला फरक कळत नाही, पण बोलायची सवय. अर्थात हा राग नव्हेच, खाली सुरांची बांधणी वेगळी आहे आणि पुढे तो वाट्टेल तिथे जातो. पण पहिल्या चार ओळींत मला कुणी परकं वाटेना.

ड्वोर्झाक राहिला ते दगड-विटांचं दुमजली घर अजून आहे. खाली बिली बंधूंनी कोरलेल्या लाकडी घड्याळांचं संग्रहालय, वरच्या मजल्यावर ड्वोर्झाकच्या आठवणी. त्या दिवशी बंद होतं. सेंट वेन्सेस्लॉस चर्च टेकाडावर. रस्त्यावर माणूस नाही, एक कुत्रा तेवढा आमच्यामागे फिरला.

पण मला घरापेक्षा दुसरीच गोष्ट लागून राहिली, ती लेकीने सांगितलेली. चौकडी लिहून होताच ती वाजवून पाहिली गेली ती इथेच, या खेड्यात. पहिलं व्हायोलिन स्वतः ड्वोर्झाकने, दुसरं शाळामास्तर कोवार्झिकांनी, चेलो त्यांच्या मुलाने, आणि व्हायोला मास्तरांच्या मुलीने, सेसिलीने. बॉस्टनला रीतसर पहिला प्रयोग झाला तो 1 जानेवारी 1894 ला, नावाजलेल्या क्नायझल चौकडीकडून. त्याच्या सहा महिने आधी जगातली सगळ्यांत सुंदर व्हायोलाची सुरुवात आयोवातल्या एका शिक्षकाच्या मुलीने वाजवून टाकली होती. माझ्या मते एवढ्या चांगल्या खुर्चीसाठीही कॉन्झर्व्हेटरी काढायची गरज नव्हती. मास्तरांच्या घरी चौघं जण वाजवत होते, एवढं पुरलं.

लेकीने थंडीत टर्की नदीच्या काठी उभं राहून फोटो काढून घेतला. व्हायोला बाहेर काढ म्हटलं तर म्हणाली, "या थंडीत? लाकूड तडकलं तर तू भरणार?"

मंगळवार : ग्रिनेल आणि परतीचा रस्ता

पावणेतीन तास, या वेळी खरोखर सपाट. कापणी झालेली मक्याची शेतं, पवनचक्क्या. ग्रिनेल गावात मुख्य चौकात लुई सलिव्हन या वास्तुरचनाकाराने 1914 मध्ये बांधलेली एक छोटीशी बँक आहे, दारावर प्रचंड नक्षीदार गोल खिडकी. एवढ्याशा गावात असली इमारत. पाच मिनिटं तरी थांबाच.

ग्रिनेल कॉलेज 1846 चं, श्रीमंत, आणि गरजेनुसार मदत देण्यात हात सैल. नवऱ्याच्या शीटमध्ये ते पहिल्या ओळीत होतं. इंटेलचा सहसंस्थापक रॉबर्ट नॉइस इथला, आणि जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकही. हॅनकॉक आला होता इंजिनीअरिंगच्या नादाने आणि 1960 ला बाहेर पडला संगीताकडे वळून. ही गोष्ट टूरमध्ये सांगतात तेव्हा मुलं हसतात आणि बाप गंभीर होतात. कॉन्झर्व्हेटरी नाही, चर्चची परंपरा आता उरलेली नाही. पहिल्या वर्षीचं एक ट्युटोरियल सोडलं तर सक्तीचे विषय नाहीत. कलांची इमारत वास्तुरचनाकार सीझर पेलींची, प्रशस्त.

त्या इमारतीत एका खोलीचं दार उघडं होतं. आत तीन मुलं हायडनची चौकडी वाजवत होती आणि चौथ्या खुर्चीच्या जागी शिकवणारे सर व्हायोलाची ओळ गुणगुणत होते. त्यांचा व्हायोलावाला सर्दीने पडला होता. सरांनी दारात लेकीच्या पाठीवरची पेटी पाहिली आणि विचारलं, यात काय आहे? पुढे तासभर आम्ही भिंतीला टेकून. लेकीने तो भाग आधी कधी वाजवला नव्हता. दोनदा हरवली, एकदा सगळे हरवले, आणि चेलो वाजवणारी मुलगी, जी मानववंशशास्त्राची निघाली, एवढी हसली की पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. पातळी लॉरेन्सच्या जवळपासही नव्हती. पण बाहेर आली तेव्हा लेकीचा चेहरा त्या चेलोवाल्या कार्यक्रमाच्या रात्रीपेक्षा उजळ होता, हे मी नोंदवून ठेवते.

मिसिसिपीच्या अलीकडे वॉलकॉटला तो जगातला सर्वांत मोठा म्हणवणारा ट्रक स्टॉप लागतो. तिथे फ्राइज आणि कॉफीवर यादी झाली. नवऱ्याने ग्रिनेल वर टाकलं. "बघ ना, खुर्ची रिकामीच आहे. मागणी आहे व्हायोलाला!"

"बाबा," लेक म्हणाली, "एक जण सर्दीने पडला की खुर्ची रिकामी राहते, म्हणजे दुसरा व्हायोला कॉलेजात मोकळा नाही. ते चांगलं की वाईट?"

नवऱ्याला उत्तर सुचलं नाही, मलाही नाही. तिने लॉरेन्स पहिलं लिहिलं, दुहेरी पदवीसाठी. सेंट ओलाफ दुसरं, ग्रिनेल तिसरं, मग ल्युथर, आणि कार्लटन बापाच्या आग्रहाखातर. मी म्हटलं, सेंट ओलाफ पहिलं असावं. तिथे तू लॅबमधून थेट तालमीला गेलीस तरी कुणी वेगळं समजणार नाही. ती म्हणाली, लॉरेन्सच्या सरांनी जे अर्ध्या तासात ऐकलं ते आजवर कुणी ऐकलं नव्हतं. यावर माझ्याकडे तोड नव्हती, कारण गुरू निवडायचा हे मीच चार दिवस बोलत होते. नवरा शीटमध्ये पाचव्या वर्षाचा रकाना जोडत होता.

इलिनॉयमध्ये शिरल्यावर कामांची उजळणी झाली. ऑडिशनच्या आधी पाठवायचं रेकॉर्डिंग, त्यासाठी पियानोची साथ करणारी बाई गाठणं, लायब्ररीतला हॉल दोन तासांसाठी मागणं, बाखच्या सुइटमधला कोणता भाग घ्यायचा ते ठरवणं. आजीचा फोन आला, तिला विचारायचं होतं की तिथे वसतिगृहात वरण-भात मिळतो का. घरी पोचायला अकरा वाजले, आणि बुधवारी पहिल्याच तासाला लेकीची केमिस्ट्रीची टेस्ट होती.